आईची साक्ष

आमच्या देवळात आई पेटी वाजवायची. आम्ही जुने मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. माझे पणजोबा सायखेड्याच्या बाजूचे. ते नाशिकला आले, ख्रिस्ती झाले, आणि तेव्हापासून आमचं घर त्या एकाच देवळाला धरून राहिलं. आई शाळेत शिक्षिका होती, पण देवळात तिची ओळख पेटीवाल्या बाई अशीच. लग्न असो, मयत असो, नाताळ असो, तिने भाता हलवल्याशिवाय गाणं सुरू होत नसे.

मग नवीन कमिटी आली. कमिटीने कीबोर्ड आणला, ड्रम आणले, आणि एका रविवारी उपासना संपल्यावर आईला पुढे बोलावून तिच्या अंगावर शाल घातली. शाल खांद्यावर पडेपर्यंत तिला कळलं नव्हतं की हा निरोप आहे. त्यानंतर ती बाकावर इतरांसारखी बसू लागली. त्याच वर्षी तिला डेंग्यू झाला आणि ती बरीच आजारी पडली. देवळातून कोणी आलं नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, फोनवर प्रार्थना केली, तीही गाडी चालवता चालवता. मधेच ते कुणाला तरी बाजूला हो म्हणाले आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

त्या आजारपणात रोज वर येऊन तिला पेज पाजणारी एकच बाई होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी. मी तिला ताई म्हणते. तिचा नवरा पूर्वी इतका प्यायचा की सोसायटीतले लोक त्याला जिन्यातून उचलून घरी पोचवत. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या पुढे द्राक्षबागांच्या मधे एक पत्र्याची मोठी शेड आहे, तिथे एक प्रचारक दर रविवारी सभा घेतो. त्या सभेला जायला लागल्यापासून नवऱ्याची दारू सुटली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे नाकारता येत नाही. बरी झाल्यावर आई ताईबरोबर तिथे गेली.

त्या प्रचारकाला सगळे दादा म्हणत. वयाने माझ्याएवढा, पन्नाशीच्या आसपासचा. पूर्वी बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करायचा. आई पहिल्या दिवशी मागे कुठेतरी बसली होती. तो स्टेजवरून उतरून तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "आई, तुम्ही मागं का बसल्या? तुमची जागा पुढं हाय." तिला हाताला धरून त्याने पहिल्या रांगेत नेलं आणि तिच्यापुढे डोकं वाकवून आशीर्वाद मागितला.

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "त्याने मला आई म्हटलं गं."

"सगळेच तुला आई म्हणतात."

"कोण सगळे?" तिने विचारलं.

मला एकही नाव सांगता आलं नाही. भाऊ ओझरला कारखान्यात कामाला आणि तिथेच राहायला. मी दिवसभर शाळेत, नोकरीला.

पुढच्या रविवारी मीही गेले, काय आहे ते बघायला. मनात धरून गेले होते की काहीतरी वाईट दिसेल. तसं काही दिसलं नाही. सुरगाण्याकडून जीप भरून बायका आल्या होत्या, फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून. त्यांना कुणी मागे बसा म्हटलं नाही. दादा बोलायला लागला तेव्हा मोटार का जळते हे समजावून सांगणाऱ्या मेकॅनिकसारखा बोलला, सावकाश, समोरच्याला कळतंय ना हे पाहत. आमच्या पाळकसाहेबांना आयुष्यात एकदाही तसं बोलता आलं नव्हतं. मला तो आवडला होता. हे लिहिताना आज तोंड कडू होतं.

हळूहळू घरातली भाषा बदलली. आम्ही एकमेकांना भेटलं की सलाम म्हणायचो, आई आता हालेलुया म्हणू लागली. पूर्वी ती म्हणायची, मला वाटतं. आता ती म्हणायची, दादांना देवाकडून दाखवलं गेलं. देवघर आमच्यात नसतं, पण टीव्हीच्या वरच्या फळीवर दादाचा फोटो आला. मी तो काढ म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या बाबांचा फोटो आहे तो चालतो ना?" बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

याच सुमारास आईच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून नीट समजावलं. या आजारात नजर कडेकडेने जाते, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. पण थेंब नियमित घातले तर आहे ती टिकते. थेंब आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता. आईने शिक्षिकेच्या शिस्तीने थेंब सुरू केले. बाटली फ्रिजच्या दारात, गजर मोबाइलवर.

ताईने ही गोष्ट सभेत सांगितली. दादाने आईच्या डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. आणि काही दिवसांनी तिला साक्ष द्यायला स्टेजवर बोलावलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं. आमच्या देवळातही साक्ष असते, पण तिथे लोक परीक्षा पास झाल्याची किंवा प्रवास सुखरूप झाल्याची सांगतात.

त्या दिवशी मी पहिल्या रांगेत, आईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते. दादाने आईला विचारलं, "आई, आता कसं दिसतंय?"

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली.

"वाचता येतंय?"

दादाने अलगद तिचा चष्मा काढला आणि आपल्या हातात धरला. कुणीतरी तिच्या हातात बायबल दिलं. शेडमधे एवढी शांतता झाली की पत्र्यावर कावळ्याचे पाय वाजलेले ऐकू आले.

"तुम्हाला आवडंल ते वाचा."

आईने पुस्तक उघडलं आणि मेंढपाळाचं स्तोत्र वाचायला सुरुवात केली. बोट ओळींवरून फिरत होतं, आवाज स्वच्छ, वर्गात धडा वाचल्यासारखा. एकही शब्द चुकला नाही. लोक उभे राहिले. सुरगाण्याच्या बायका रडायला लागल्या. टाळ्या थांबेनात.

स्तोत्रं बायबलच्या साधारण मधोमध असतात. मी जिथे बसले होते तिथून दिसत होतं की आईच्या डाव्या हातावर सगळं पुस्तक कलंडलेलं आहे आणि उजवीकडे बोटभर पानंसुद्धा उरलेली नाहीत. ती शेवटाजवळचं काहीतरी उघडून बसली होती. ते स्तोत्र तिने संडे स्कूलमधे मुलांच्या कितीतरी पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. मलाही तिनेच शिकवलं होतं.

घरी आल्यावर विचारलं, "आई, तू वाचलंस?"

"वाचलं."

"पान कुठलं होतं?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "मला अक्षरं दिसली," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू माझी परीक्षा घेऊ नकोस."

ती खोटं बोलत होती असं मला आजही म्हणवत नाही. चष्मा काढल्यावर तिला समोर काळं पांढरं काहीतरी दिसलं असेल, ओठांवर शब्द आपोआप आले असतील, आणि एवढे लोक रडत असताना त्या दोन गोष्टी एकच आहेत असं तिला वाटलं असेल. कोणालाही वाटलं असतं. पण त्या दिवसापासून फ्रिजच्या दारातली बाटली तशीच्या तशी राहिली. मोबाइलचा गजर वाजायचा आणि ती तो बंद करायची.

"दादाने सांगितलं का थेंब घालू नका म्हणून?"

"नाही. ते कशाला सांगतील?"

"मग?"

"मी सगळ्यांपुढे साक्ष दिली. आता थेंब घातले तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल."

"आणि नजर गेली तर?"

"तर माझी श्रद्धा कमी पडली असं होईल," ती म्हणाली. हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी वाद घालायचं विसरले.

मी दादाला भेटायला गेले. शेडच्या मागे दोन खोल्यांत तो राहत होता. बायकोने चहा आणला. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. त्याने मधे न बोलता ऐकलं.

"ताई," तो म्हणाला, "मी कुणाला औषध बंद कर म्हणलो नाय. विचारा कुणालाबी."

"मला माहीत आहे. मग एवढंच करा, येत्या रविवारी स्टेजवरून सांगा, डॉक्टरांची औषधं चालू ठेवा म्हणून."

"आता ते कसं सांगू? लोक म्हणतील दादाचाच इस्वास उडाला. आणि आईंची श्रद्धा हाय ती, मी मधी कसा पडू? तुम्ही सांगा ना त्यांना. लेक हायेत तुम्ही."

"ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते."

"मग ह्याच्यात माझी चूक काय?" त्याने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कुणाचा फोन आहे ते पाहिलं. मी चष्म्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "वय झालं, ताई," तो हसून म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, "तो कल्ट आहे." म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपल्या मंडळीतली कितीतरी कुटुंबं त्याने ओढून नेली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आईच्या डोळ्यांबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. निघताना म्हणाले, "बाईंना परत आणा. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवू." मी पायऱ्या उतरले तेव्हा आत कीबोर्डचा सराव चालला होता.

माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेपाशी मी हे सगळं बोलून बसले. तिने ते कुणाला तरी सांगितलं असावं, कारण एका संध्याकाळी कपाळावर टिळा लावलेला, अतिशय नम्र बोलणारा एक गृहस्थ आमच्या घरी आला.

"मॅडम, तुम्ही फक्त तक्रार द्या. पुढचं आम्ही बघतो. जबरदस्तीचं धर्मांतर आहे हे."

"कोणाचं?"

"तुमच्या आईंचं."

"आम्ही ख्रिस्तीच आहोत," मी म्हटलं. "चार पिढ्यांपासून."

भिंतीवरच्या क्रूसाकडे त्याचं लक्ष आता गेलं. "मग तुम्हाला नेमकी अडचण काय आहे?" त्याने विचारलं.

त्याला मी चहा दिला आणि परत पाठवलं. त्याने आणि त्याच्या माणसांनी त्या शेडवर जाऊन काय केलं असतं ते मला माहीत आहे. मार दादाने खाल्ला नसता. जीपमधून आलेल्या बायकांनी खाल्ला असता.

भाऊ फोनवर म्हणाला, "तिला तिथे माणसं भेटतात, आनंदात असते. कशाला मागे लागतेस?"

"ती आंधळी होतेय."

"वय झालंय तिचं," तो म्हणाला. दादा स्वतःबद्दल म्हणाला होता तेच.

कल्ट हा शब्द त्या दिवसांत माझ्या डोक्यात सारखा फिरत होता. मोबाइलवर मी त्याबद्दल बरंच वाचलं. पुढारी आज्ञा देतो, माणसांना घरच्यांपासून तोडतो, बाहेर जाऊ देत नाही. यातलं काहीच जुळेना. त्या शेडला दारच नाही, तीन बाजू उघड्या आहेत. मला तिथे कुणी कधी अडवलं नाही. आई घरीच राहते, माझ्या हातचं जेवते. मराठीत शब्द शोधावा तर पंथ म्हणणं म्हणजे मान देणं, आणि बुवाबाजी म्हणावं तर हा माणूस जीन्स घालून हिशोबात बोलणारा, ना भस्म ना अंगारा. शिवाय पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे भाऊ गावात सांगत फिरले होते की पाद्र्याने याच्यावर काहीतरी केलंय. ते भाऊ चूक होते असं आमच्या घरात आजवर सगळे सांगत आले. मग मी कुठल्या तोंडाने दुसऱ्याच्या श्रद्धेला नाव ठेवणार?

पण एक गोष्ट मला हळूहळू दिसत गेली आणि ती अजून तशीच दिसते. आई कुठल्याही रविवारी तिथून बाहेर पडू शकत होती. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं की त्या दिवशी मला दिसलं नव्हतं. ज्यांनी तिच्यासाठी रडून टाळ्या वाजवल्या, ज्यांनी आजारपणात तिला पेज पाजली, त्यांच्यापुढे म्हणायचं होतं. ज्याने इतक्या वर्षांनी तिला पुढे नेऊन बसवलं त्याच्यापुढे म्हणायचं होतं. अशा जागेला कुलूप कशाला लागतं? दादाने आज्ञा कधी दिलीच नाही, कारण देण्याची गरज कधी पडली नाही. याला काय म्हणतात ते शहाण्या माणसांनी ठरवावं. मला नावाशी देणंघेणं उरलेलं नाही.

नजर गेली ती डॉक्टर म्हणाले होते तशीच, कडेकडेने. आधी बाजूला ठेवलेला चहाचा कप सांडायला लागला. मग दाराच्या चौकटीवर खांदा आपटायला लागला. एकदा ती स्टुलावर अडखळून पडली आणि म्हणाली, "स्टूल इथे कोणी ठेवलं?" स्टूल कायम तिथेच असतं. पेपर ती उघडून धरायची आणि बऱ्याच वेळाने घडी घालून ठेवायची. मी बातम्यांबद्दल विचारलं तर म्हणायची, "नेहमीचंच."

एका रविवारी शाळेचं घरी आणलेलं काम लवकर आटोपलं म्हणून तिला आणायला मीच शेडवर गेले. पहिल्या रांगेत ती नव्हती. तिथे दुसरी एक म्हातारी बसली होती, नुकतेच गुडघे बरे झालेली. आई मला शेवटच्या रांगेत सापडली, कूलरच्या बाजूला, सुरगाण्याच्या बायकांच्या पिशव्यांजवळ. त्या बायकांतल्या एकीने तिचा हात धरला होता.

"तू मागे का बसलीस?"

"पुढे स्पीकरचा फार त्रास होतो."

"तू त्यांना तसं सांगितलंस?"

"नाही. त्यांनीच ओळखलं," आई म्हणाली. मग म्हणाली, "इथे वारं लागतं."

चाचपडत चालणारी म्हातारी पहिल्या रांगेत बसवली तर नव्या माणसांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांना पडला असणार. कोणी काही ठरवलंही नसेल. कुणीतरी एक दिवस म्हटलं असेल, आई, आज इकडे बसा.

त्याच आठवड्यात मी तिला जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. एक डोळा पूर्ण गेला होता. दुसऱ्यात थोडी नजर होती, नळकांड्यातून पाहिल्यासारखी. डॉक्टर मोठ्याने बोलणारे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "थेंब का थांबवले?"

"विसरले," आई म्हणाली.

शेकडो गीतं सगळ्या कडव्यांसकट पाठ असलेली माझी आई. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, घरात लक्ष देणारं कोणी नाही का, हा प्रश्न होता. मी खाली बघितलं. आईने त्या माणसाला वाचवण्यासाठी स्वतःला विसरभोळी आणि मला निष्काळजी ठरवलं, आणि मी ठरू दिलं.

पंचवटीतून रिक्षा पुढे निघाल्यावर आई म्हणाली, "घालीन मी थेंब. पण कोणाला कळता कामा नये."

तेव्हापासून मी थेंब घालते. खालच्या ताईला बेल न वाजवता थेट आत यायची सवय आहे, म्हणून आधी दाराला कडी लावते. बाटली आता फ्रिजच्या दारात नसते, भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली असते. आई खुर्चीत मान मागे टाकून बसते आणि थेंब पडला की दचकते.

मधे एकदा थेंब घालून झाले आणि बेल वाजली. मी बाटली लपवली आणि दार उघडलं. ताई केळी घेऊन आली होती. आईच्या दोन्ही गालांवर थेंब ओघळले होते, पुसायला वेळ मिळाला नव्हता.

"आई, रडत होता का?" ताईने घाबरून विचारलं.

"नाही गं," आई म्हणाली. "प्रार्थना करत होते."

ताईचे डोळे भरून आले. ती आईजवळ खाली बसली आणि बराच वेळ तिचा हात हातात घेऊन राहिली. ती मनाने वाईट बाई नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि त्याचाच जास्त राग आला.

रविवारी सभेहून आल्यावर आईने मला सांगितलं, "आज दादांनी स्टेजवरून माझं नाव घेतलं. म्हणाले, आई घरी बसून आपल्या सगळ्यांसाठी अश्रू ढाळून प्रार्थना करतात. अशी श्रद्धा पाहिजे म्हणाले."

"मग लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

"आणि तू?"

ती चपला काढत होती. भिंतीला एक हात टेकून, दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा शोधत होती. "मीही वाजवल्या," ती म्हणाली. मग खुर्चीपर्यंत चालत गेली, बसली आणि मान मागे टाकली. मी दाराला कडी लावली.